एका कार्डाची फट

अदेलार मिशोकडे बंद पडलेली चेनसॉ नेली, की तो आधी तिचा वास घ्यायचा. सायलेन्सरला नाक लावून डोळे मिटायचा आणि मग करवतीबद्दल न बोलता माणसाबद्दल बोलायचा. "गेल्या वर्षीचं पेट्रोल घातलंयस. आणि तेल बायकोच्या फडताळातलं दिसतंय." माणूस ओशाळायचा, कारण बहुधा ते खरं असायचं. आमच्या सेंत-इर्मिन गावात पाप कबूल करायला दोन जागा होत्या, फादर बेरुबेंची कबुलीपेटी आणि अदेलारचं उन्हाळी स्वयंपाकघर. फादर निदान पडद्याआडून ऐकायचे.

उन्हाळी स्वयंपाकघर आमच्याकडे बहुतेक जुन्या घरांना असतं. मुख्य घराला चिकटून बांधलेलं, लाकडी, वेगळ्या चुलीचं. उन्हाळ्यात तिथे रांधलं की घर तापत नाही. मिशोंच्या घरी मात्र आई गेल्यापासून तिथे काही शिजलं नव्हतं. अदेलार लाकूडतोडीच्या छावणीतून गुडघा मोडून घरी आला, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर त्याने एक करवत उघडून ठेवली आणि ती जोडून होईपर्यंत दुसरी आली. त्याची थोरली बहीण फर्नांद तेव्हा म्हणाली होती, आठवडाभर चालेल. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते, म्हणून सांगते. त्या आठवड्याला वीस वर्षं होत आली होती.

दोघांचीही लग्नं झाली नाहीत. फर्नांद गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. नंबर आपोआप लागायला लागले तेव्हा ती नोकरी गेली, आवाज मात्र तसाच राहिला. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि मी माझ्या घरात चमचा खाली ठेवायची.

अदेलारची खरी श्रीमंती त्याच्या भिंतीवर होती. पाने, पकडी, गोल कानशी, साखळीची रिव्हेट काढायचा ठोकळा, सगळं खिळ्यांवर टांगलेलं. डोळे अधू झाले होते, पण चष्मा लावायला त्याची तयारी नव्हती. चष्मा लावला की माणूस हाताचं ऐकत नाही, असं त्याचं मत. तो मान वर न करता हात मागे न्यायचा आणि हवी ती वस्तू हातात यायची. कुणी एखादं हत्यार उसनं मागितलं तर तो म्हणायचा, "पाना देत नाही. करवत घेऊन ये, पानाच तिच्याकडे येईल." क्लोव्हिस नावाचा एक तरणाबांड लाकूडतोड्या होता, त्याला हे कधीच पटलं नाही. तो प्रत्येक वेळी मागायचा आणि प्रत्येक वेळी हे वाक्य ऐकून जायचा.

यातली निम्मी हत्यारं कारखान्यात बनलेली नव्हती. तेलाची सीलं उपसायचा आकडा एका फिरत्या दंतवैद्याचा होता, तो गाव सोडताना ठेवून गेला. क्लच सोडवायचा तर पिस्टन अडकवून ठेवावा लागतो. त्यासाठी प्लगच्या भोकातून आत सरकवायची सुती दोरी म्हणजे चर्चच्या जुन्या घंटेच्या दोरीचा तुकडा. आणि दाराजवळच्या खिळ्यावर, भोक पाडून टांगलेलं, त्याच्या आईचं स्मृतिकार्ड.

आमच्याकडे माणूस गेलं की छोटी कार्डं छापतात. पुढे फोटो, मागे प्रार्थना. लोक ती प्रार्थनापुस्तकात, पाकिटात, आरशाच्या कडेला ठेवतात. अदेलार ते करवतीत घालायचा. करवतीत एक चुंबक बसवलेलं चक्र असतं आणि त्याच्या शेजारी स्पार्क देणारी कॉइल. दोन्हींमध्ये जेमतेम फट हवी. कमी झाली तर घासतं, जास्त झाली तर स्पार्क मरतो. अदेलार कॉइलचे स्क्रू सैल करायचा, मधे आईला सरकवायचा, चुंबक कॉइलला आपणच ओढून घ्यायचं, तो स्क्रू आवळायचा आणि चक्र हळूच फिरवून आईला बाहेर काढायचा. एक्झिल्दा मिशो ही बाई जिवंतपणीही दोन भांडणाऱ्यांच्या मधे जाऊन बसायची. तिचं कार्ड बरोबर मापाचं होतं.

फर्नांदला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होत्या त्या दुसऱ्या गोष्टी. जुन्या करवतीच्या इंजिनात नवं बेअरिंग घट्ट बसवायचं तर इंजिनाचं कवच तापवावं लागतं आणि बेअरिंग गारठवावं लागतं. म्हणजे कवच फर्नांदच्या ओव्हनमध्ये आणि बेअरिंग फर्नांदच्या फ्रीजरमध्ये. शनिवारी ती डुकराचं मांस घातलेला घेवड्याचा हंडा ओव्हनमध्ये ठेवायला जायची, तर आत आधीच कुणाचं तरी इंजिन बसलेलं असायचं. हंड्याला ग्रीसचा वास येतो असं ती म्हणायची. अदेलार म्हणायचा, काकवी थोडी जास्त घाल.

त्या ऑगस्टमध्ये तिने फादर बेरुबेंना जेवायला बोलावलं. शेवटी गोड म्हणून ब्लूबेरी भरलेली पाय-पेस्ट्री होती, फ्रीजरमधल्या ब्लूबेरींची. मीही होते. फादरांनी पहिला घास आवडीने घेतला, दुसऱ्यांदा काटा खुपसला तेव्हा आत काहीतरी टणकन वाजलं. त्यांनी काटा उचलला. काट्याच्या एका दातावर एक पोलादी कडं लटकत होतं, त्यातून जांभळा रस गळत होता.

फादर ते निरखून म्हणाले, "अंगठी तर आली. नवरदेव कोण आहे, फर्नांद?"

मी ओठ चावून बशीत बघत राहिले. अदेलारने हात पुढे केला आणि म्हणाला, "हे मी मंगळवारपासून शोधतोय."

फर्नांद फादर गेल्यावर बोलली, ते मला घरी जाऊनही ऐकू येत होतं. तिचं म्हणणं वाजवी होतं. चर्चच्या जत्रेत तिचा हिरव्या टोमॅटोचा केचप दरवर्षी दुसरा यायचा, कारण आतल्या चुलीवर मोठं पातेलं मावत नाही. आईचं उन्हाळी स्वयंपाकघर मिळालं तर तो पहिला येईल. आईने ती चूल मुलीला दिली होती, मुलाला नव्हे. त्याने सगळा पसारा उचलून गोठ्यात न्यावा. गाई विकल्यापासून गोठा रिकामाच आहे.

गोठ्यात चूल नाही, अदेलार म्हणाला. थंडीत तिथे पाना हाताला चिकटेल.

मग हातमोजे घाल, ती म्हणाली.

इथे अदेलारने चूक केली. गप्प बसला असता तर तो आठवडा आणखी वीस वर्षं चालला असता. पण आपल्या कामावर बोलणं आलं की त्याला राहवायचं नाही. तो म्हणाला की ही खोली म्हणजे पसारा नाही, या खोलीतून गेलेली करवत तिसऱ्या झटक्याला सुरू होते, गावात कुणालाही विचार. चौथा झटका लागला तर मी स्वतः गोठ्यात जातो.

"कुणाला कशाला विचारू? श्रमदानाच्या दिवशी सगळं गाव असेल," फर्नांद म्हणाली. "सगळ्यांदेखत बघू."

"बघ."

"एका जरी करवतीला चौथा झटका लागला तर?"

"एकीला लागला तरी."

दरवर्षी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी गावातले पुरुष फादरांच्या अंगणात जमतात आणि त्यांच्या घराचं हिवाळ्याचं जळण कापून, फोडून, रचून देतात. बायका वाटाण्याचं सूप करतात. हे आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आलं आहे, फक्त त्यांच्या वेळी करवती हाताच्या होत्या आणि सुरू कराव्या लागत नसत.

पैजेची बातमी आपण कुणाला सांगितली नाही, असं फर्नांद म्हणते. संध्याकाळपर्यंत ती शेजारच्या गावात पोचली होती. लोक एकदम करवती घेऊन यायला लागले. ज्यांची चांगली चालत होती तेही आणत. एकाने तर बापाची अशी करवत आणली, जी उचलायला दोन माणसं लागायची. अदेलारने ठरवलं की श्रमदानाला जाणारी प्रत्येक करवत मुळापासून करायची. कार्ब्युरेटर उघडायचा, साखळीला धार लावायची, आणि गरज असो वा नसो, स्पार्कची फट नव्याने लावायची. मी संध्याकाळी खिडकीशी बसले की समोर त्याचा दिवा दिसायचा आणि अधूनमधून एखादी करवत गुरगुरून गप्प व्हायची. चूल पेटलेली, खोली उबदार. प्रत्येक करवत तिसऱ्या झटक्याला सुरू व्हायची. शेवटी शेवटी एकदोन वेळा जरा अडखळली, ते त्याने पेट्रोलवर ढकललं.

फर्नांदने इकडे पडद्यांचं कापड आणलं. श्रमदानाच्या आधीच्या आठवड्यात अदेलार कानशी आणायला रिमूस्की शहरात गेला असताना ती खिडकीचं माप घ्यायला त्या खोलीत गेली. तासाभराने ती माझ्याकडे आली, हातात रुमाल, रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. चहा नको म्हणाली, तेव्हा मला काळजी वाटली.

तिने रुमाल उलगडला. आत एक्झिल्दाचं कार्ड होतं. एका डोळ्यावर तेलाचा डाग, कपाळाच्या वर खिळ्याचं भोक.

"आईला खिळ्यावर टांगलं होतं, मादाम," ती म्हणाली. "पकडीच्या शेजारी."

मी म्हटलं, त्याला आठवण म्हणून समोर ठेवायचं असेल. मला तेव्हा तेच वाटलं. ती म्हणाली, आठवण ठेवायची ही रीत झाली का, माणसाला निदान फ्रेम तरी असते. मग ती म्हणाली की तिने भांडण काढलेलं नाही. आईला प्रार्थनापुस्तकात ठेवणार आहे, आणि खिळा मोकळा दिसू नये म्हणून तिथे नोटरी लाव्हुआंना टांगून आली आहे.

नोटरी लाव्हुआ त्याच वसंतात गेले होते. त्यांच्या घरच्यांनी गावात पहिल्यांदाच प्लास्टिक चढवलेली कार्डं छापून घेतली होती, चकचकीत, जाड. नोटरींना शोभतील अशी. फर्नांदचा विचार साधा होता. प्लास्टिक आहे, तेल लागलं तर पुसता येईल.

त्या दिवसापासून अदेलारने मान वर न करता हात मागे नेला, की त्याच्या हातात नोटरी यायचे. आणि करवती अजून बऱ्याच बाकी होत्या.

श्रमदानाच्या सकाळी गवतावर कडक हिव पडलं होतं. फादरांच्या अंगणात ओंडक्यांचा डोंगर आणि त्याभोवती माणसं, प्रत्येकाच्या पायाशी करवत. अदेलार इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. फर्नांदने पाव कापायचं काम दुसरीवर सोपवलं आणि ती फादरांच्या घराच्या पायरीवर हात बांधून उभी राहिली. फादरांनी ओंडक्यांना आशीर्वाद दिला, मग करवतींना, आणि मग थोडं घुटमळून अदेलारलाही दिला.

क्लोव्हिसने पहिला मान घेतला. त्याने करवतीवर बूट ठेवला, दोरी ओढली. एक. करवत शिंकली. दोन. तीन. सगळं अंगण ऐकत होतं. क्लोव्हिसने अदेलारकडे बघितलं, अदेलारने ओंडक्यांकडे. क्लोव्हिसने चौथ्यांदा दोरी ओढली आणि पायरीवरून फर्नांद शांतपणे म्हणाली, "गोठा."

मग सगळ्यांनी एकदम ओढायला सुरुवात केली. एवढ्या माणसांनी एका तालात दोऱ्या ओढलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. होडी वल्हवताना करतात तसं. फर्नांद खिडकीचं माप घ्यायला गेली त्याआधी दुरुस्त झालेल्या दोन-तीन करवती लगेच सुरू झाल्या आणि त्यामुळे बाकीच्यांची अब्रू आणखी गेली.

आता, आमच्या भागातला पुरुष चिडला की कुणाच्या आई-बहिणीवर जात नाही. तो वेदीवर जातो. पवित्र प्याला, पवित्र भाकर, ती भाकर ठेवायची पेटी, सगळं ओळीने बाहेर येतं; चांगला लाकूडतोड्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं, अख्खं सामान एका श्वासात सांगू शकतो. आणि इथे फादर तीन हातांवर उभे होते. माणसं दोरी ओढत, तोंड उघडत, फादरांकडे बघत आणि शब्दाला मधेच वळण देत. "पेटी... पेटीत माझं जेवण राहिलं." "प्याला... प्यालाभर कॉफी मिळेल का कुणाकडे?" क्लोव्हिसचा चेहरा बीटरूटसारखा झाला होता. शेवटी फादरच म्हणाले की त्यांना आत जाऊन एक महत्त्वाचा फोन करायचा आहे, वेळ लागेल. ते आत गेले, दार लावून घेतलं, आणि अंगणातून जे निघालं ते ऐकून सूप ढवळणाऱ्या बायकांनी क्रूसाची खूण केली. फादर फोन करत नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीत खांदे हलताना मला दिसत होते.

अदेलार यातल्या कशातच नव्हता. त्याने क्लोव्हिसची करवत उचलली, पायरीवर फर्नांदच्या पायाशी बसला आणि खिशातून पेचकस काढून ती उघडली. आवरण त्याने काढलं, चक्र फिरवलं, मग बोटाचं नख फटीत घातलं. नख सहज आत गेलं. एवढी फट उबदार खोलीत खपते, गारठ्यात स्पार्क मरतो. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात ते मी तेव्हा बघितलं.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. श्रमदानाला लागेल म्हणून त्याने ते बरोबर आणलं होतं. ते डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं.

"हा कोण?"

"नोटरी लाव्हुआ," मी म्हटलं.

"आई कुठंय?"

फर्नांद म्हणाली, "आई जिथे असायला हवी तिथे आहे. तिला तेलात बुचकळून खिळ्यावर टांगणारा तू कोण?"

मला वाटलं तो ओरडेल. तो म्हणाला, "टांगली नव्हती. ती कामाला यायची."

"कामाला."

"वीस वर्षं. गावातली एक करवत अशी नाही, जी आईशिवाय सुरू झाली. तुला काय वाटलं, मी तिच्याकडे बघतही नव्हतो? मी तिला दिवसातून चारदा हातात घ्यायचो. तू शेवटचं कधी घेतलं होतंस?"

फर्नांद चहा नको म्हणाली होती, त्या दिवशीसारखी ती मला पुन्हा दिसली. मग ती म्हणाली की आई घरी आहे, प्रार्थनापुस्तकात, ती पळत जाऊन आणेल. गुडघेदुखीच्या वयात पळायची भाषा. अदेलारने मान हलवली. आईला आता बाहेर काढू नकोस, म्हणाला, तिची नोकरी झाली. मग तो उठला आणि अंगणातल्या सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "कुणाकडे मेलेलं माणूस आहे का? बारीक."

असला प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावात विचारला असता तर पोलीस आले असते. आमच्याकडे पाकिटं उघडली, पर्सची तोंडं उघडली. मावश्या, आजोबा, एक मठातली सिस्टर, हिमवादळात गेलेला एक पोस्टमन. अदेलार पायरीवर बसून एकेकाला फटीत घालून बघत होता. क्लोव्हिसची आत्या फार पातळ निघाली. "जिवंतपणी अशी नव्हती," क्लोव्हिस म्हणाला. सिस्टर ठीक होती, पण तिची कड फाटलेली. एकीने आपला सासरा पुढे केला आणि म्हणाली, हा परत नाही दिला तरी चालेल.

मी माझं प्रार्थनापुस्तक हातात धरून उभी होते. त्यात लेओनिदास होता. माझा नवरा बँकेत कारकून होता, हात मऊ, स्वभाव मऊ. आमच्या घरची करवत सुरू करायला तो दरवर्षी शेजाऱ्याला बोलवायचा आणि स्वतः लांब उभा राहून कानांत बोटं घालायचा. त्याचं कार्ड छापलं होतं त्याच छापखान्यात, ज्याने एक्झिल्दाचं छापलं. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण हात पुढे होत नव्हता. मी तेल बघितलं होतं.

अदेलारने माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि मागितलं नाही. त्याने मागितलं असतं तर कदाचित मी नाही म्हटलं असतं.

"हात पुसा आधी," मी म्हटलं.

त्याने इस्त्रीच्या शर्टाला हात पुसले. लेओनिदास आत गेला, चुंबकाने कॉइल ओढून घेतली, स्क्रू आवळले, चक्र फिरलं, लेओनिदास बाहेर आला. क्लोव्हिसने दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला करवत अशी पेटली की पायरीवरच्या कोंबड्या उडाल्या. उभ्या आयुष्यात लेओनिदासच्या हातून एक करवत सुरू झाली नव्हती. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याने सगळं अंगण सुरू केलं.

जळण अंधार पडायच्या आत रचून झालं. फादर बाहेर आले, फोन लांबला म्हणाले. पैजेबद्दल काहीजणांनी अदेलारची बाजू घेतली. कार्ड तर फर्नांदनेच बदललं होतं, मग पैज कसली. फादरांना निवाडा करायला सांगितलं तर ते म्हणाले की ते दोघांच्या एकाच टेबलावर जेवतात. पण अदेलारने कुणाचं ऐकलं नाही. चौथा झटका म्हणजे चौथा झटका. खिळ्यावर काय आहे हे न बघणं ही त्याचीच चूक होती. सोमवारी त्याने भिंत उतरवायला घेतली. ती उतरवायला त्याला मदत करायला क्लोव्हिस आला, आणि वीस पाने स्वतःच्या हातांनी गोठ्यात नेऊन ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते लपत नव्हतं.

फर्नांदने पडदे लावले. चूल पेटवली, मोठं पातेलं चढवलं, आणि सगळ्या रस्त्यावर व्हिनेगर आणि लवंगेचा वास पसरला. मला तिने पहिली बरणी दिली. केचप खरोखर चांगला होता.

पण गाव पायाच्या सवयीने चालतं. माणूस करवत घेऊन यायचा तो त्याच दाराशी. फर्नांद सांगायची, तो आता गोठ्यात असतो. माणूस हो म्हणायचा, करवत दाराशी ठेवायचा, टोपी काढायचा, चुलीजवळ जरा ऊब घ्यायचा आणि घरच्या चार गोष्टी सांगून निघून जायचा. करवत तिथेच. नोव्हेंबरात बर्फ पडलं, तेव्हा गोठ्यापर्यंतची वाट बुजली आणि कुणीच तिकडे जाईना. फर्नांद करवती मुलांच्या घसरगाडीवर घालून ओढत न्यायची. मी एकदा विचारलं, लोकांना सरळ हाकलत का नाहीस? ती म्हणाली, "आणि मग मला कोण सांगणार, कोणाच्या घरी काय चाललंय? एक्सचेंज बंद झाल्यापासून एवढ्या बातम्या मला मिळाल्या नव्हत्या, मादाम." थोड्या वेळाने दाराशी एक माणूस आला, तर तिने त्याच्या करवतीच्या सायलेन्सरला नाक लावलं आणि म्हणाली, जुनं पेट्रोल.

गोठ्यात अदेलारची बोटं भेगाळली होती. त्याने तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, फर्नांदला उत्तर देता आलं असतं. डिसेंबरात एका दुपारी ती घसरगाडी घेऊन गेली तर तो गुडघ्यांवर बसून जुन्या पेंढ्यात हात फिरवत होता. कार्ब्युरेटरची सुई पडली होती, बाजरीच्या दाण्याएवढी, आणि बोटांना ती लागत नव्हती. तो भिंतीला हात लावून एकदा थांबला, बोटं काखेत धरली, पुन्हा वाकला. फर्नांदला त्याने बघितलं नव्हतं. ती काही न बोलता परत आली, पडदा बाजूला केला आणि खिडकीतून एक्सचेंजच्या आवाजात ओरडली, "अदेलार, इथे एक करवत आलीय. मला कळत नाही तिचं काय झालंय. येऊन बघ."

करवत कुठलीही आलेली नव्हती. तिला घाईने आमच्याकडून लेओनिदासची न्यावी लागली.

तो आला, बर्फ झटकून दारात उभा राहिला. ती म्हणाली की टेबलाची चुलीकडची बाजू तिची आहे, तिथे बोट लावायचं नाही. किती, त्याने विचारलं. तिने कोपरापासून हात टेबलावर आडवा ठेवला. एवढी. त्याने खिशातून खडू काढला, तिच्या बोटांच्या टोकाशी रेघ मारली, मग ती पुसली आणि आणखी चार बोटं आपल्या बाजूला सरकवून पुन्हा मारली.

मग तो बसला आणि आमची करवत उघडली. तिला काहीच झालेलं नव्हतं. हे त्याला पहिल्या वासात कळलं असणार, पण त्याने ती सगळी खोलली आणि संध्याकाळपर्यंत चुलीजवळ बसून पुन्हा जोडली.

ती रेघ त्या टेबलावर अजून आहे, मात्र ती दर महिन्याला जागा बदलते. मधूनच बरण्यांमध्ये एखादा पाना सापडतो, कधी करवतीच्या कवचात लवंगा. दोघंही माझ्याकडे साक्षीला येतात की रेघ मुळात कुठे होती. मी काल तिथे होते, परवाही होते, आणि मला नीट आठवतं. मी त्यांना म्हणते, आधी चहा तरी ठेवा.